दोन, चार, सहा, आठ

दार उघडलं आणि त्या बाईंनी माझं नावसुद्धा विचारलं नाही.

"दोन, चार, सहा, आठ तुझ्याकडे आहेत का?" त्या म्हणाल्या.

मी पायरीवर उभी होते, एक चप्पल काढलेली, एक पायातच. सम्मेदला जाऊन महिना झाला होता. त्याच्या आईशी काय बोलायचं ते मिरजेहून सांगलीला येताना बसमध्ये तीनदा घोकलं होतं, आणि त्यात हा प्रश्न नव्हता.

"आहेत," मी म्हणाले.

"मग आत ये. एक, तीन, पाच, सात त्याच्या कपाटात आहेत. मधले सापडेनात म्हणून अख्खं कपाट उपसलं मी. मग त्याच्या एका वहीत तुझं नाव दिसलं. वृंदा ना तू?"

शैलजाकाकू मगदूम मला अशा भेटल्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून त्या त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. सम्मेदचे वडील दिवसभर त्यांच्या पंपांच्या दुकानात असत. घरात काकू आणि ते उपसलेलं कपाट.

खरं सांगून टाकते. मी सांत्वनाला गेले नव्हते. मी नववा भाग न्यायला गेले होते.

सम्मेदची आणि माझी ओळख सांगलीतल्या एका पुस्तक प्रदर्शनातली. एकाच पुस्तकावर दोघांचे हात पडले. सिनेमात यानंतर गाणं येतं. आमचं भांडण झालं. मग तडजोड ठरली की विषम भाग त्यानं घ्यायचे, सम मी, आणि अदलाबदल करून वाचायचं. दोन वर्षं हेच चाललं होतं. लोकांना वाटायचं आमचं काहीतरी आहे. आमचं पुस्तक होतं.

पुस्तक म्हणजे एका जपानी कादंबरीमालिकेचं इंग्रजी भाषांतर. नावाचं मराठी करायचं तर 'दुसऱ्या जगातला नकाशेवाला'. अशा कथांना जपानीत इसेकाई म्हणतात, म्हणजे दुसरं जग. साचा ठरलेला असतो. इथे कुणाला फारसा नको असलेला एक मुलगा ट्रकखाली येऊन मरतो, आणि डोळे उघडतो ते राजे, जादू आणि राक्षसांच्या जगात. तिथे तो कुणीतरी असतो. आमच्या नायकाचं नाव रिकू, वय सतरा. त्याला तिथे वरदान मिळतं की आठवणीतल्या कुठल्याही जागेचा नकाशा काढून त्यावर बोट ठेवलं की तो तिथे पोचतो.

"मला इंग्रजी वाचता येतं," काकू म्हणाल्या. "पण हे कळत नाही. याची 'लेव्हल' वाढली म्हणजे काय झालं? उंची वाढली?"

"नाही काकू. ताकद."

"तू मला वाचून दाखव. मराठीत. तो दोन वर्षं यात डोकं घालून काय बघत होता, ते मला बघायचंय."

मी हो म्हणाले. लॅबमधली माझी पाळी तीनला सुटायची. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते, आणि मिरजेत एका खोलीत एकटी राहत होते. रक्त काढताना सोडलं तर माझा हात दिवसभरात कुठल्याच माणसाला लागत नसे. सांगलीला रोज कुणीतरी माझी वाट बघणार, हे मला फार मोठं वाटलं. तसं रिकामंच घर ते, पण मला भरलेलं वाटलं.

वेळ ठरली चार ते साडेपाच. काकू जैन, सूर्यास्ताच्या आत जेवायच्या. वाचन संपलं की त्या दोन ताटं घ्यायच्या, एक माझं.

पहिल्या दिवशीच नवव्या पानावर ट्रक होता. मला माहीत होतं. सम्मेदला ट्रकनं नाही, उसाच्या ट्रॉलीनं उडवलं होतं, पण म्हणून काय झालं.

"एवढं सोडून पुढे जाऊ या का?" मी विचारलं.

"एक धडा सोडला की पुढचा कळत नाही. वाच."

मी वाचू लागले. रिकू दारात बूट घालतोय. आई स्वयंपाकघरात पाठमोरी आहे. तिच्याकडे न बघता तो म्हणतो, "आई, मी जातो."

काकूंनी मला थांबवलं. "जातो म्हणतो?"

"हो, 'आय अॅम गोइंग' असं..." आणि माझी जीभ अडखळली. शब्दाला शब्द ठेवायच्या नादात मी काय म्हणून बसले होते. आमच्या घरी कुणी दारातून बाहेर पडताना 'जाते' म्हणालं असतं तर आईनं परत आत बोलावून, घोटभर पाणी पाजून, 'येते' म्हणायला लावलं असतं. "चुकले काकू. 'येतो' असेल."

"राहू दे. जातोच." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "सम्मेद तेच म्हणाला त्या दिवशी. दुपारी जेवताना मी बोलले त्याला. इंजिनिअर होऊन दोन वर्षं घरात बसलायस, आणि ही राक्षसांची पुस्तकं कसली वाचतोस, तुझ्या वयाची मुलं बघ. अर्ध्या ताटावरून उठला. पिशवी खांद्याला लावली, 'जातो मी' म्हणाला. एरवी मी टोकते. त्या दिवशी मीही रागात होते, नाही टोकलं."

मी पुस्तक मिटलं.

"उघड ते," त्या म्हणाल्या. "मला फक्त एक बघायचंय. जातो म्हणून गेलेल्याला तिकडे गेल्यावर आई आठवते का."

मी आठ भाग वाचलेले होते. त्या आठ भागांत, पहिल्या प्रकरणातली ती पाठमोरी बाई सोडली तर, रिकूच्या आईचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता. वाचताना हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

"वाचू या की," मी म्हणाले.

काकूंसारखी वाचक त्या लेखकाला कधी भेटली नसेल, भेटली असती तर तो सुधारला असता. पुस्तकाच्या सुरुवातीला त्या जगाचा नकाशा होता. तो त्यांनी उन्हात धरला.

"ही नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढते. याचा भूगोल कुणी घेतला होता?"

"जादूचं जग आहे काकू."

"पाणी कुठल्याही जगात उताराकडेच जाणार."

मुलींवरून तर रोज वाद. रिकूला भेटणारी प्रत्येक मुलगी दोन पानांत त्याच्यावर भाळायची. "ही पाचवी," काकू बोटं मोजत म्हणायच्या. "तोंड धुतलेलं नाही त्यानं तीन प्रकरणं. काय बघतात त्याच्यात?" राजकन्या युद्धावर जाताना जे कपडे घालायची त्यांचं चित्र होतं; ते बघून त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी पान उलटलं. रिकू लढाईत कधीच हरत नाही, हे त्यांना तिसऱ्या भागात कळलं. मग लढाई आली की त्या उठून डाळीला फोडणी द्यायला जायच्या. "जिंकला की हाक मार."

तरी त्या मला बस करू देत नसत. मलाही कळत होतं का ते. रिकू त्या जगात पहिल्यांदा डोळे उघडतो तेव्हा एका धर्मशाळेची म्हातारी दारात उभी असते. ती त्याला ओळखत नसते. तरी म्हणते, "आलास? पाणी तापवलंय." तो जिथे जाईल तिथे कुणीतरी असं दारात असायचं. सम्मेद म्हणायचा, बाकी सगळा भुसा आहे वृंदा, मी त्या दारांसाठी वाचतो. मीही त्यासाठीच वाचत होते, पण त्याला तसं कधी सांगितलं नाही.

काकूंनी त्या म्हातारीचं पान मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "पोटात काही गेलं का त्याच्या नंतर?"

"सूप आणि पाव."

"बरं."

त्यानंतर त्यांचे प्रश्न बदलले. मी दारात पाऊल टाकायच्या आत विचारायच्या, "काल डोंगरात होता ना तो? उतरला का?" आवाज असा, की शेजारच्या कुणी ऐकलं असतं तर घरातल्याच माणसाची चौकशी चाललीय असं वाटलं असतं. आणि रोज पुस्तक मिटल्यावर शेवटचा प्रश्न ठरलेला.

"आज आईची आठवण काढली का त्यानं?"

"नाही काकू."

"बरं," म्हणून त्या ताटं घ्यायला उठायच्या. त्या दुसऱ्या जगात रिकू अंड्याची चटणी, म्हणजे मेयोनीज, करायला शिकवतो, शाळेतली गणितं घालतो, जपानमधल्या दुकानांची नावं सांगतो. एकदा काकू म्हणाल्या, "आमच्यात म्हणतात, जन्म बदलला की मागचं काही आठवत नाही. याला गणितं आठवतात, दुकानं आठवतात. आई तेवढी आठवत नाही." हे त्या इतक्या सावकाश म्हणाल्या की मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पाचव्या भागात त्यांनी मला पकडलं.

"नकाशा काढला की याला कुठेही जाता येतं ना?"

"हो."

"मग स्वतःच्या घराचा का काढत नाही?"

दोन वर्षं सम्मेद आणि मी त्या मालिकेवर वाद घातला होता, आणि हा प्रश्न दोघांनाही सुचला नव्हता.

"काढेल की," मी म्हणाले. "पुढे काढतो."

"कुठल्या भागात?"

"नवव्यात." नववा मी वाचलेला नव्हता, म्हणून तो सोयीचा होता. आठवा भाग संपेपर्यंत मी हे तीन-चारदा सांगितलं. एकदा तोंडातून गेलं की माणूस त्यालाच धरून बसतो.

आठवा संपला त्या दिवशी काकूंनी स्टुलावर चढून कपाटावरून एक काळी पिशवी काढली. पोलिसांनी परत दिलेली. चेन उघडलेली नव्हती. त्यांनीच ती उघडली. आत पाण्याची बाटली, चार्जर, आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला नववा भाग.

"हे कुणाकडे नेत होता?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. "त्याचा वाचून झाला होता. मी लॅबच्या बाहेर उभी होते."

"किती वेळ?"

"सहापर्यंत."

मला वाटलं, आता या मला जा म्हणतील. त्या कव्हरवरून हात फिरवत बसल्या. "म्हणजे वाट बघायला कुणीतरी होतं त्याची," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

नवव्या भागाला आम्हाला आठवडा लागला. शनिवारी सहावं प्रकरण आलं. त्यात देवी रिकूसमोर उभी राहते आणि म्हणते, तुझ्या जुन्या जगाचा दरवाजा एकदाच उघडेल, आत्ता. जायचं का?

काकू पुढे सरकल्या. त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले.

माझे डोळे तोंडाच्या पुढे धावले. अर्धं पान होतं सगळं. रिकू क्षणभर विचार करतो. मग एक वाक्य बोलतो. मग प्रकरण संपतं आणि पुढच्या पानावर तो मित्रांबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर जातो. आई हा शब्दसुद्धा नाही. त्या लेखकाचा मला भयंकर राग आला. नऊ भाग, आणि या माणसाला एक ओळ सुचली नाही.

मग मीच सुचवली.

"रिकूनं कागद घेतला," मी पानावर डोळे ठेवून म्हणाले. "त्यानं आपल्या घराचा नकाशा काढला. दार काढलं, स्वयंपाकघर काढलं. त्यावर बोट ठेवलं आणि त्याला आई दिसली. ती भांडी विसळत होती. तिला तो दिसत नव्हता. तो आई, आई म्हणून हाका मारू लागला. मग तिथेच बसून खूप रडला. म्हणाला, असा एक दिवस जात नाही की तू मला आठवत नाहीस."

मी छान बोलले होते. मी वर बघितलं.

काकूंचा चेहरा उतरला होता.

"रोज?" त्या म्हणाल्या.

"हो. रोज."

"आठ भागांत कधी बोलला नाही."

"मनात ठेवत होता."

"म्हणजे तिथेही तो रडतोच आहे." त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत येऊन बसल्या. "मला वाटलं होतं तिथे तरी सुटला असेल. रोज तू नाही म्हणायचीस, आणि मला बरं वाटायचं. चला, आजही नाही आठवलं. मी सकाळी देवळात जाऊन काय मागते माहीत आहे तुला? की त्याला इथलं काही आठवू नये. ते अर्धं ताट आठवू नये. मी काय बोलले ते आठवू नये. मी आठवू नये. आणि हा रोज रडतोय."

इतके दिवस मी त्यांचं ते 'बरं' ऐकत होते, आणि मला त्यातला एका अक्षराचा अर्थ कळला नव्हता.

"काकू, असं नाही आहे पुस्तकात," मी म्हणाले.

"काय?"

"मी बनवून सांगितलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तो रडत नाही. नकाशाही काढत नाही."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. "कुठे आहे? दाखव."

मी ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती शाळेत वाचतात तशी एकेक शब्द तोडून इंग्रजीत वाचली. मग म्हणाल्या, "मराठीत सांग. नीट सांग, आता काही घालू नकोस."

"तिथे माझं काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच. मग तो झऱ्यावर जातो. सगळे पाण्यात उतरतात. त्याच्यावर भाळलेली ती पाचवी मुलगी त्याच्या अंगावर पाणी उडवते."

"हसतो का?"

मी पान उलटलं. "हो. हसतो."

काकू ती ओळ पुन्हा बघत होत्या. "तिथे माझं काही नाही," त्या हळू म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. "मग जा म्हणावं. जा बाबा." आणि त्या हसल्या. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

रडत होते ती मी. खोटं मी काकूंसाठी बोलले असं मला वाटत होतं. ते माझ्यासाठी होतं. लॅबबाहेर सहापर्यंत उभी राहिलेली मुलगी कुणाला तरी, कुठल्या तरी जगात आठवावी, एवढीच माझी इच्छा होती. ती मी रिकूच्या आईच्या नावावर खपवली.

काकूंनी मला रडू दिलं. मग ताटं घेतली. जेवण झाल्यावर त्यांनी त्याच्या कपाटातले चारही भाग आणून नवव्यासकट माझ्या पिशवीत भरले.

"मला आता नकोत हे. मला कळायचं ते कळलं."

"पुढचा भाग येईल काकू. मी येत जाईन की."

"यायचं तर ये, कधीही ये. पण रोज नको." त्या पिशवीची गाठ मारत होत्या. "उद्या रविवार. काय करतेस रविवारी?"

"खोलीवर असते."

"घर कुठे तुझं?"

"जतला. आई असते, भाऊ असतो."

"कधी गेली होतीस?"

मी हिशेब केला. भावानं आणलेलं स्थळ मी नाकारलं, तो नको नको ते बोलला, आई चुलीपाशी गप्प बसून राहिली, आणि मी निघाले. "चौदा महिने झाले."

"चौदा महिने? जत काय परदेशात आहे?"

"तिथे माझं काही नाही, काकू," मी म्हणाले.

त्यांच्या हातातली गाठ तशीच राहिली. मलाही तेव्हाच ऐकू आलं मी काय म्हणाले ते.

"त्यानं म्हटलं तर चालतं," काकू म्हणाल्या. "तो मेलाय. तू जिवंत आहेस."

इतक्या सरळ कुणी मला काही सांगितलं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मालिका एकविसाव्या भागाला संपली असं ऐकते. रिकू घरी गेला की नाही, मी कधी शोधलं नाही.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळची जतची गाडी धरली. दोनदा मधल्या स्टँडवर उतरून परत फिरावंसं वाटलं. घराच्या बोळात शिरले तेव्हा ऊन चढलं होतं. भाऊ घरात नव्हता. आई दारातल्या कट्ट्यावर सूप मांडीवर घेऊन शेंगा फोडत होती. केस पांढरे झाले होते, चौदा महिन्यांत होतात त्याहून जास्त. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि सूप बाजूला सारून कट्ट्यावर जागा केली.

"एवढा येळ?" ती म्हणाली. "गाडी चुकली व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. "चुकली."